फ्लुरोसंट डाय वापरून औषध–डीएनए बांधणीचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात एम.एस्सी. किंवा एम.फार्म.चा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं एक साधा स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर, एक यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि चांगल्या मायक्रोपिपेट एवढ्यावर होणारं काम धरून दिली आहेत. डायची चमक कमी झाली म्हणजे औषध डीएनएला चिकटलं, असं अनेक प्रबंधांत थेट लिहिलेलं असतं. ते तसं लिहिता येत नाही, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख त्यावरच आहे.

हा प्रयोग मुळात चालतो कसा?

एथिडियम ब्रोमाइड हा नेहमीचा डाय, म्हणजे चमकणारा रंग. तो पाण्यात मोकळा असताना फार कमी चमकतो. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू आपल्या अमिनो गटावरचा प्रोटॉन आजूबाजूच्या पाण्याला देतो आणि ऊर्जा उजेड न देताच निघून जाते. डीएनएच्या दोन बेस-जोड्यांच्या मध्ये शिरला की पाणी दूर राहतं आणि चमक सुमारे २० ते २५ पट वाढते. उत्तेजित अवस्थेचं आयुष्यही मोकळेपणी सुमारे १.८ नॅनोसेकंद असतं, ते २२ नॅनोसेकंदांच्या आसपास जातं. आता याच मिश्रणात डीएनएला बांधणारं औषध टाकलं आणि त्यानं डायला जागेवरून हटवलं, तर डाय परत पाण्यात येतो आणि चमक उतरते. ती किती औषधाला किती उतरली, हे आपण मोजतो.

बेस-जोड्यांच्या मध्ये रेणू शिरतात ही कल्पना लिओनार्ड लर्मन यांनी १९६१ मध्ये अ‍ॅक्रिडीनवरच्या कामातून मांडली. एथिडियमच्या चमकेचा मोजमापासाठी पद्धतशीर उपयोग ल पेक आणि पाओलेती यांनी १९६७ मध्ये दाखवला.

कोणता डाय घ्यावा?

प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. औषध बेस-जोड्यांच्या मध्ये शिरत असावं असा अंदाज असेल तर एथिडियम: उत्तेजन ५१० ते ५२० नॅनोमीटर, उत्सर्जन ६०० च्या आसपास. औषध डीएनएच्या दुहेरी गुंडाळीवरच्या अरुंद खोबणीत बसत असावं असं वाटत असेल तर होएक्स्ट ३३२५८: उत्तेजन ३५० च्या आसपास, उत्सर्जन सुमारे ४६० नॅनोमीटर. होएक्स्टला ए-टी भरपूर असलेला भाग आवडतो. डापी हा डायही त्याच जातीचा. थायाझोल ऑरेंज मोकळा असताना जवळजवळ अंधारा असतो, त्यामुळे पार्श्वभूमी फार स्वच्छ मिळते. उत्तेजन ५०० आणि उत्सर्जन ५३० नॅनोमीटरच्या जवळपास.

निवड करण्याआधी एक काम न चुकता करा. औषधाचा स्वतःचा शोषण वर्णपट आणि फ्लुरोसन्स वर्णपट काढा. डॉक्सोरुबिसिन घेतलं तर ते ४८० ला उत्तेजित होऊन ५९० च्या आसपास चमकतं, म्हणजे एथिडियमच्या अंगावरच. तिथे एथिडियम घेणं चूक. होएक्स्ट घ्या, किंवा डाय बाजूला ठेवून डॉक्सोरुबिसिनची स्वतःची चमक डीएनएमुळे किती विझते ते मोजा.

डीएनए कोणता, आणि तो कसा विरघळवायचा?

काफ थायमस डीएनएचं (वासराच्या थायमस ग्रंथीतला डीएनए) सोडियम मीठ हे नेहमीचं. तंतू बफरमध्ये मिलिलीटरला १ ते २ मिलिग्रॅम या प्रमाणात टाका आणि ४ अंशांवर रात्रभर हळू हलवत ठेवा. व्हॉर्टेक्स करू नका, साखळ्या तुटतात आणि प्रत्येक बॅच वेगळी वागते. द्रावण फार चिकट असेल तर बर्फात ठेवून थोडं सॉनिकेट करा, पण मग सगळे प्रयोग त्याच सॉनिकेट केलेल्या डीएनएवर करा. चार दिवसांत वापरून संपवा.

२६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ ते १.९ हवं. त्याखाली असेल तर प्रथिनं आहेत. संहती २६० च्या शोषणावरून काढा: न्यूक्लिओटाइडमागे ६,६०० प्रति मोलार प्रति सेंटिमीटर. म्हणजे ५० मायक्रोमोलार द्रावणाचं शोषण ०.३३ यायला हवं. बेस-जोडीत मोजलं तर संहतीचा आकडा निम्मा होतो. दोघांपैकी कशात मोजलं हे प्रबंधात न लिहिल्यामुळे निकालात थेट दुपटीचा फरक पडतो. ही चूक छापील लेखांतही सापडते.

केळीतून काढलेला डीएनए चालेल का? आमच्याकडे केळी भरपूर आहेत.

शाळेत किंवा पहिल्या वर्षाला दाखवायला उत्तम. बांधणी स्थिरांक (बांधणी किती घट्ट ते सांगणारा आकडा) काढायला नाही. साबण-मीठ-अल्कोहोल पद्धतीनं निघालेल्या पांढऱ्या तंतूंत डीएनएपेक्षा पेक्टिन आणि इतर शर्कराच जास्त असतात, सोबत आरएनए आणि पॉलिफेनॉल. एथिडियम दुहेरी गुंडाळलेल्या आरएनएतही शिरतो, त्यामुळे चमक कुठून आली ते सांगता येत नाही. सीटॅब (एक डिटर्जंट) पद्धत, क्लोरोफॉर्म धुणी आणि आरएनेज देऊन शुद्ध केलेला केळीचा डीएनए वापरता येईल, पण २६० आणि २३० चं गुणोत्तर २ च्या आसपास येईपर्यंत त्यावर औषध टाकू नका.

बफर कोणता? उन्हाळ्यात आकडे बदलतात ते का?

१० मिलिमोलार ट्रिस, ५० मिलिमोलार सोडियम क्लोराइड, पीएच ७.४, हे बहुतेक कामांना पुरतं. ०.१ मिलिमोलार ईडीटीए घातलं तर डीएनए खाणारी एन्झाइम्स गप्प राहतात. मात्र तुमचं औषध तांबं, झिंक किंवा अशा धातूचं कॉम्प्लेक्स असेल तर ईडीटीए धातूच ओढून घेईल, तेव्हा ते वगळा.

आता उन्हाळा. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर सहज जातो आणि हा प्रयोग तापमानाला तीन ठिकाणी हळवा आहे.

पहिलं, ट्रिस. एक अंश वाढला की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ नं उतरतो. २५ अंशांवर ७.४ लावलेला बफर ४२ अंशांच्या खोलीत ६.९ च्या जवळ असतो, आणि फ्रीजमधून ४ अंशांवर काढून लगेच पीएच लावला तर २५ अंशांवर चूक त्याच दिशेनं आणि आणखी मोठी होते. फॉस्फेट बफर याच्या साधारण दहाव्या हिश्शानंच हलतो. तापमानावर ताबा नसेल तर फॉस्फेट घ्या.

दुसरं, बांधणी आणि चमक दोन्ही. तापमान चढलं की बांधणीचा समतोल सरकतो आणि डायची चमकही उतरते, त्यामुळे सकाळी काढलेला कंट्रोल दुपारच्या वाचनाला लावता येत नाही. क्युव्हेट होल्डर २५ अंशांवर ठेवायचा तर पेल्टिअर (विजेवर गरम-थंड करणारा होल्डर) किंवा थंड करणारा सर्क्युलेटर लागतो. नुसतं गरम करणारं वॉटर बाथ खोलीच्या तापमानाखाली येऊच शकत नाही. ते ४० अंशांच्या खोलीत २५ वर लावून ठेवलं तर दिवा हिरवा दिसेल आणि क्युव्हेट ४० वरच राहील. नुसतं गरम करणारंच यंत्र असेल तर एसी खोलीत सगळी मालिका ३० किंवा ३७ अंशांवर करा आणि तेच तापमान लिहा. वाळ्याचा कूलर लावून चालत नाही: खोली गार वाटते पण तापमान स्थिर राहत नाही, शिवाय दमट हवा काचेवर आणि आरशांवर बसते.

तिसरं, बुडबुडे. फ्रीजमधला गार बफर गरम क्युव्हेटमध्ये ओतला की विरघळलेली हवा बाहेर पडून काचेला चिकटते आणि प्रकाश विखरून वाचन उडतं. बफर आधी खोलीच्या तापमानाला आणून व्हॅक्युमखाली थोडा वेळ ठेवा. ९६ खड्ड्यांची प्लेट वापरत असाल तर कोरड्या हवेत कडेचे खड्डे लवकर आटतात. कडेला नुसता बफर भरा आणि वर फिल्म लावा.

पाण्याबद्दल एवढंच: बोअरवेलचं किंवा घरगुती आरओचं पाणी नको. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फॉस्फेटच्या साखळीवर बसतात आणि धनभारित डायची बांधणी सैल करतात. शुद्ध डीआयोनाइज्ड पाणीच घ्या.

प्रत्यक्ष टायट्रेशनची मापं सांगाल का?

एथिडियमसाठी, २.५ मिलिलीटर क्युव्हेट धरून:

१. बाजारात मिळणारं १० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर द्रावण म्हणजे सुमारे २५.४ मिलिमोलार. त्यातलं ३९४ मायक्रोलीटर घेऊन पाण्यानं १० मिलिलीटर करा. हा १ मिलिमोलार स्टॉक. दहापट पातळ करून ४८० नॅनोमीटरला शोषण पाहा, ०.५६ ते ०.५९ मध्ये यावं. बाटलीला फॉइल गुंडाळा.
२. क्युव्हेटमध्ये बफर, १२.५ मायक्रोलीटर एथिडियम (५ मायक्रोमोलार) आणि २.५ मिलिमोलार डीएनए स्टॉकमधून ५० मायक्रोलीटर (५० मायक्रोमोलार न्यूक्लिओटाइड). एका डायमागे पाच बेस-जोड्या होतात. एथिडियमला एका रेणूमागे दोन जोड्या लागतात, म्हणजे जागा मुबलक आहे आणि बहुतेक डाय बांधलेला आहे.
३. यंत्राचा झेनॉन दिवा अर्धा तास आधी लावा. उत्तेजन ५२०, उत्सर्जन ५४० ते ७००, दोन्ही स्लिट ५ नॅनोमीटर. औषध न टाकता पाच-पाच मिनिटांनी तीन वाचनं घ्या. ती एकमेकांपासून सरकत असतील तर पुढे जाऊ नका: तापमान स्थिर झालेलं नाही, किंवा प्रकाशानं डाय उडतो आहे. दुसरं कारण असेल तर वाचनांच्या मध्ये शटर बंद ठेवा.
४. औषध थोडं थोडं घाला, क्युव्हेट झाकून चार-पाच वेळा हलकेच उलटी करा, पाच मिनिटं थांबा, वर्णपट घ्या.

औषधाच्या द्रावणातही तेवढाच डाय आणि तेवढाच डीएनए मिसळून ठेवला तर टायट्रेशनभर दोघांची संहती बदलत नाही आणि पातळ होण्याची दुरुस्ती करावी लागत नाही. मात्र स्टॉकमध्ये डीएनएच्या मानानं औषध फार असतं. ते गढूळ झालं तर हा मार्ग सोडा.

होएक्स्टसाठी डाय ०.५ ते १ मायक्रोमोलार आणि डीएनए ५० मायक्रोमोलारच्या आसपास. डाय डीएनएच्या मानानं वाढवला की तो दुसऱ्या, सैल पद्धतीनंही चिकटू लागतो आणि आकडे बिघडतात. तो फार पातळ असताना क्युव्हेटच्या भिंतींनाही चिकटतो, म्हणून ताजा बनवून लगेच वापरा. ३५० नॅनोमीटरला साधी काच नको, क्वार्ट्झ घ्या. एथिडियमला चारही बाजू पारदर्शक असलेली काचेची क्युव्हेट चालते.

६१७ नॅनोमीटरला एक कुबड दिसतं, ते काय?

५१० नॅनोमीटरनं उत्तेजित केलं असेल तर ते बहुधा पाण्याचं रामन विखुरण आहे. पाण्याचं ते शिखर उत्तेजनापासून सुमारे ३,४०० प्रति सेंटिमीटर खाली येतं. उत्तेजन ५२० करा. कुबड ६३२ कडे सरकलं तर रामन, जागचं हललं नाही तर खरा फ्लुरोसन्स. नुसत्या बफरचा वर्णपट प्रत्येक वेळी वजा करा. औषधानं चमक खाली गेली की हे कुबड तेवढंच उरतं आणि शेवटचे बिंदू सपाट दिसू लागतात. त्याला ‘संपृक्तता’ समजू नका.

चमक ६० टक्के उतरली. बांधणी सिद्ध झाली ना?

अजून नाही. चमक चार वेगळ्या कारणांनी उतरू शकते: औषधानं डाय हटवला, औषधानं उत्तेजनाचा किंवा उत्सर्जनाचा प्रकाशच गिळला, औषध डायलाच थेट भिडलं किंवा डाय जागेवर असतानाच त्याची ऊर्जा काढून घेतली, किंवा डीएनए गोळा होऊन खाली बसला. पहिलं कारण ठरवायचं तर बाकीची तीन खोडावी लागतात.

त्यासाठी: डीएनएशिवाय औषध आणि एथिडियम; डायशिवाय औषध आणि डीएनए; आणि डीएनए व डायमध्ये फक्त औषधाचं विद्रावक, तेवढ्याच आकारमानात. या तीन मालिका मुख्य टायट्रेशनच्या त्याच दिवशी, त्याच द्रावणांतून. गढूळपणा पाहायला ३५० नॅनोमीटरला किंवा औषध शोषत नाही अशा तरंगलांबीला शोषण बघा. ते वाढत असेल तर डीएनए गोळा होतो आहे. पॉलिअमाइन आणि जास्त धनभार असलेली औषधं हे हमखास करतात. शक्य असेल तिथे आयुष्यमान मोजून घ्या: खरी हकालपट्टी असेल तर २२ नॅनोसेकंदांचा घटक लहान होत नाही, त्याचं प्रमाण कमी होतं आणि १.८ चं वाढतं.

प्रकाश गिळण्याची दुरुस्ती अशी: प्रत्येक बिंदूला उत्तेजन आणि उत्सर्जन तरंगलांबीवरचं शोषण मोजा, दोघांची बेरीज निम्मी करा, आणि मोजलेल्या चमकेला १० च्या तेवढ्या घातानं गुणा. बेरीज ०.२ असेल तर गुणक १.२६, म्हणजे मूळ चमकेतली सुमारे २० टक्के घट नुसत्या गिळण्यामुळे दिसत होती. पिवळी, नारिंगी, लाल औषधं घेणाऱ्यांनी हे टाळलं तर सगळा निकाल पोकळ होतो. बेरीज ०.३ च्या पुढे गेली की दुरुस्तीवर फार भरवसा ठेवू नका. औषध कमी करा किंवा ३ मिलिमीटर मार्गाची क्युव्हेट घ्या.

एथिडियम हटला, म्हणजे औषध इंटरकॅलेटर (बेस-जोड्यांच्या मध्ये शिरणारं) आहे असं लिहू का?

नाही. नेट्रोप्सिनसारखी अरुंद खोबणीत बसणारी औषधंही एथिडियमला अंशतः हटवतात, कारण खोबण भरली की दुहेरी गुंडाळीचा आकार बदलतो आणि शेजारची जागा एथिडियमला सोयीची राहत नाही. उलट होएक्स्ट हटला नाही म्हणून औषध इंटरकॅलेटर ठरत नाही.

पद्धत ठरवायला निदान दोन स्वतंत्र पुरावे हवेत. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलका म्हणजे चिकटपणा: उबेलोडे व्हिस्कोमीटर, सुमारे २०० मायक्रोमोलार डीएनए, तापमान ०.१ अंशात स्थिर. सापेक्ष चिकटपणाचं घनमूळ औषध-डीएनए गुणोत्तरासमोर काढा. खरा इंटरकॅलेटर जोड्या दूर सारून साखळी लांबवतो, म्हणून रेष चढते. खोबणीत बसणाऱ्याची जवळपास सपाट राहते. शेजारी एथिडियमची रेष त्याच आलेखात हवीच.

दुसरा पुरावा, औषध स्वतः चमकत असेल तर, आयोडाइड. ऋणभारित आयोडाइडला डीएनएचा फॉस्फेट कणा दूर ठेवतो; जोड्यांच्या आत बसलेल्या रेणूची चमक तो क्वचितच विझवतो, बाहेर चिकटलेल्याची बरीच विझवतो. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात चिमूटभर सोडियम थायोसल्फेट घाला, नाहीतर ते पिवळं पडतं. एकूण क्षारता पोटॅशियम क्लोराइडनं कायम ठेवा.

स्थिरांक कसा काढायचा?

प्रचलित रीत: डायचा स्थिरांक गुणिले डायची संहती, भागिले चमक निम्मी करणारी औषधाची संहती. एथिडियमसाठी १ कोटी प्रति मोलार हा आकडा सगळीकडे वापरतात. ५ मायक्रोमोलार डाय असताना ४० मायक्रोमोलार औषधानं चमक निम्मी झाली, तर उत्तर साडेबारा लाख प्रति मोलार.

पण तो १ कोटीचा आकडा मीठ फार कमी असलेल्या बफरमधला आहे. ५० किंवा १०० मिलिमोलार मिठात एथिडियमची बांधणी त्याहून बरीच सैल असते. म्हणून तुमच्याच बफरमध्ये, तुमच्याच तापमानाला डायचं डीएनएशी टायट्रेशन करून त्याचा स्थिरांक आधी काढा, शक्यतो १९७४ च्या मॅकघी–फॉन हिपेल समीकरणानं, कारण त्यात शेजारच्या जागा अडतात हे धरलेलं आहे. तेवढं जमत नसेल तर आकडा ‘सापेक्ष’ म्हणून द्या.

आणखी एक सीमा: औषध फार घट्ट बांधणारं असेल तर चमक निम्मी होण्याचा बिंदू डीएनएच्या जागांची संख्या सांगतो, बांधणीची ताकद नाही. तेव्हा डीएनए आणि डाय दोन्ही कमी करून पाहा. बिंदूही त्याच प्रमाणात सरकला तर तुम्ही जागाच मोजत होता.

स्टर्न–व्होल्मर रेषेचा (औषधाशिवायची चमक भागिले औषधासोबतची चमक, औषधाच्या संहतीसमोर) उतार म्हणजे बांधणी स्थिरांक नव्हे. उतार १०,००० आणि आयुष्यमान २२ नॅनोसेकंद धरलं तर विझवण्याचा वेग सुमारे ४५,००० कोटी प्रति मोलार प्रति सेकंद येतो. पाण्यात रेणू एकमेकांवर आदळण्याच्या वेगाची कमाल सुमारे २,००० कोटी. म्हणजे नुसती धडक हे कारण नाही, इतकंच त्यातून कळतं.

पॉझिटिव्ह कंट्रोल काय ठेवू? डिमिनाझिन गुरांच्या दवाखान्यात मिळतं.

डिमिनाझिन, म्हणजे बेरेनिल, होएक्स्टसाठी खरोखर चांगला कंट्रोल आहे. ते ए-टी भागातल्या अरुंद खोबणीत बसतं. पण सर्रा आणि गोचीड-तापावर गुरांना देतात त्या पुडीत सोबत फेनाझोन असतं, त्यामुळे वजनावरून संहती काढता येत नाही. रसायनांच्या विक्रेत्याकडून शुद्ध घ्या. एथिडियमसाठी प्रोफ्लेव्हिन ठेवलं तर त्याच्या स्वतःच्या चमकेची वजाबाकी करा.

गुळवेलीचा किंवा सातपुड्यातल्या वनस्पतींचा अर्क थेट टाकता येईल का?

टाकता येईल, पण त्यातून स्थिरांक निघत नाही, कारण संहती कशाची हेच माहीत नसतं. टॅनिन असलेले अर्क चमक विझवतात आणि गढूळही होतात, हिरव्या अर्कातलं क्लोरोफिल प्रकाश गिळतं आणि वर लाल भागात स्वतः चमकतं. गुळवेलीच्या खोडात बर्बेरिन असतं; डीएनएला बांधलं की ते स्वतःच ५३० ते ५५० नॅनोमीटरला चमकतं, तेव्हा अर्कानं चमक वाढलीही दिसू शकते. अर्कातून घटक वेगळा करा, शुद्धता तपासा, मग डीएनएसमोर आणा.

औषध पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ किती चालेल?

शेवटच्या बिंदूला १ टक्का, फार तर २, आणि कंट्रोलमध्येही तेवढंच. सिसप्लॅटिनला मात्र डीएमएसओ अजिबात नको. ते त्याच्याशी अभिक्रिया करून औषधच बदलून टाकतं. सिसप्लॅटिन सलाइनमध्ये बनवा, आणि ते पाच मिनिटांत बांधत नाही: डीएनएसोबत ३७ अंशांवर २४ तास ठेवून मग डाय घाला.

मध्येच वीज गेली तर?

ती मालिका सोडून द्या. झेनॉन दिवा गरम असताना लगेच पुन्हा पेटवू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. पुन्हा लावल्यावर तीव्रता तीच असेल याची खात्री नसते आणि क्युव्हेटचं तापमानही हललेलं असतं. यंत्र ऑनलाइन यूपीएसवर ठेवा. नुसता स्टॅबिलायझर दाब सांभाळतो, खंड सांभाळत नाही.

एथिडियमची विल्हेवाट कशी लावायची?

बेसिनमध्ये नाही. यकृतातल्या एन्झाइमांसोबत केलेल्या एम्स चाचणीत (जीवाणूंवर घेतात ती) तो उत्परिवर्तक, म्हणजे जनुकांत बदल घडवणारा, ठरलेला आहे. नायट्राइल हातमोजे घाला, पावडर शक्यतो विकत घेऊच नका, तयार द्रावण घ्या. ब्लीच ओतू नका, त्यातून बनणारे पदार्थही उत्परिवर्तक असू शकतात. पातळ द्रावणाच्या दर १०० मिलिलीटरमागे १०० मिलिग्रॅम सक्रिय कोळशाची पूड घाला, तासभर अधूनमधून हलवा, व्हॉटमन क्रमांक १ मधून गाळा. गाळण यूव्ही दिव्याखाली चष्मा लावून पाहा; नारिंगी चमक दिसली तर पुन्हा कोळसा. कोळसा आणि कागद जाड पिशवीत बंद करून त्यावर नाव-तारीख लिहा आणि घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. वापरलेल्या टिप्स आणि हातमोजेही त्याच पिशवीत.